मलायी भाषेंतील तृतीयपुरुषी सर्वनामें : आदर, सलगी आणि पोथीवाचन

(१)

सुमारें बारा वर्षांपूर्वीं मंडळाच्या एका सभेंत आम्हीं एक लहानसें टिपण वाचलें होतें. मलाक्का येथील सुलतानांच्या बखरीची रोमन लिपींत छापलेली प्रत व तिचें इंग्रजी भाषांतर हीं दोन्ही आमच्या हातीं आलीं होतीं. निवृत्तीनंतरचा वेळ पदरीं होता; आणि सारा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें त्या परभाषेंत पानोपानीं भेटणारे संस्कृत शब्द पाहून आमचा उत्साह वाढला होता. त्या टिपणांत आम्हीं असें प्रतिपादन केलें कीं, या भाषेंत राजाविषयीं बोलतांना 'बगिन्दा' हें स्वतंत्र आदरार्थी सर्वनाम येतें. परंतु परमेश्वराविषयीं बोलतांना चाकरमाणसांस लावावयाचें 'दिया' हेंच सर्वनाम योजितात. त्या अर्थीं मलायी दरबारांत राजाचें आसन ईश्वराच्याही वर मांडलेलें असलें पाहिजे.

टिपण संपल्यावर मागील बाजूस बसलेले एक वृद्ध संग्राहक उठले आणि त्यांनीं इतकेंच विचारलें : "गुरुजी, आपण वर्गावर आलां म्हणजे मुलें 'ते आले' असें म्हणत, आणि त्याच मुलांच्या घरीं 'विठोबा पावला, तो धांवून आला' असें म्हणत. तेव्हां आपण विठोबाहून मोठे कीं काय ?" सभा हंसली. आम्हांसही हंसावें लागलें. पण उत्तर सुचलें नाहीं. घरीं पोंचेपर्यंत त्या एका प्रश्नानें आमचें सर्व प्रतिपादन ढांसळलें आहे, हें आमच्या ध्यानांत आलें.

तें टिपण छापलें गेलें नाहीं. परंतु त्याच्या नकला कांहीं स्नेह्यांनीं नेल्या होत्या, आणि त्यांतील निष्कर्ष आधारादाखल घेतलेला पुढें एक-दोन ठिकाणीं आमच्या पाहण्यांत आला. आपल्या हातून पसरलेली चूक आपणच निस्तरावी, या बुद्धीनें आम्हीं त्यानंतर हा विषय सावकाश अभ्यासिला. त्याचें फलित येथें मांडीत आहों. विषय परक्या देशाचा असला, तरी जुने कागद वाचणारास त्याचा उपयोग आहे, असें आम्हांस शेवटीं दाखवावयाचें आहे.

(२)

प्रथम या सर्वनामांची व्यवस्था सांगतों. मलायी भाषेंत तृतीयपुरुषाचें मूळ सर्वनाम 'इया' आणि त्याचें जोडरूप 'दिया'. या दोहोंत लिंगभेद नाहीं. 'तो', 'ती' व 'तें' या तिन्ही अर्थीं एकच शब्द चालतो. जुन्या ग्रंथांत वचनभेदही काटेकोर नाहीं. मनुष्य एक असो वा दहा असोत, 'इया' पुरतें. 'इया' हें कर्त्याच्या जागीं येतें; कर्माच्या जागीं 'दिया' येतें. नामास जोडावयाचा प्रत्यय 'न्या' : 'रुमह' म्हणजे घर, 'रुमहन्या' म्हणजे त्याचें किंवा तिचें घर. आजच्या बोलण्यांत 'दिया' सर्वत्र झालें असून 'इया' मुख्यतः लेखी भाषेंत राहिलें आहे. मलेशियांत तें निर्जीव वस्तूंसही लावितात.

यांच्या वर दोन पायऱ्या आहेत. वयानें, विद्येनें अथवा अधिकारानें मान्य अशा मनुष्याविषयीं बोलतांना 'बेलियाउ' म्हणतात. हा शब्द मनुष्यापुरताच आहे. पशु किंवा वस्तु यांस तो लागत नाहीं. राजा, राणी व पैगंबर यांच्यासाठीं 'बगिन्दा'. राजाचा वाडा सांगावयाचा तर वाड्याच्या नामास 'न्या' न जोडतां 'इस्ताना बगिन्दा' असें म्हणण्याचा शिष्ट प्रघात आहे. अनेकवचनीं 'मेरेका', जुन्या ग्रंथांत बहुधा 'मेरेका इतु'.

आतां मराठीशीं ताडून पाहिल्यास एक चमत्कारिक भेद दिसतो. आपल्याकडे आदर वचनांत राहतो. एकच गुरुजी, पण 'ते आले'. एकच आजीबाई, पण 'त्या बसल्या'. सर्वनाम, विशेषण, क्रियापद हीं सगळीं मिळून अनेकवचनाचें वस्त्र पांघरतात, आणि तो एक मनुष्य अनेकांच्या तोलाचा होतो. मलायी क्रियापदास पुरुष, वचन व लिंग यांपैकीं कांहींच विकार होत नाहीं. त्यामुळें आदराचा सगळा भार शब्दाच्या निवडीवर पडतो. उलट, जेथें खरोखरच अनेकवचन येतें, तेथें आदर नाहींसा होतो. कारण 'मेरेका' हा शब्द चोरांच्या टोळीसही लागतो आणि पंडितांच्या सभेसही लागतो. दोघे राजे किंवा राजा व राणी यांचा मान राखावयाचा असेल, तर 'बगिन्दा बेर्दुआ', म्हणजे 'दोघे बगिन्दा', अशी जोडणी करावी लागते. मराठींत जें अनेकवचन मान देतें, तेंच मलायींत मान हिरावून घेतें. एका भाषेचा कायदा दुसरीस लावूं नये, याचें याहून सोपें उदाहरण आम्हांस मिळालें नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, शिष्ट मलायी मनुष्य पुष्कळदां सर्वनाम वापरीतच नाहीं. बापाविषयीं बोलतांना 'बाप' हाच शब्द फिरफिरून येतो. गुरूविषयीं बोलतांना 'गुरु', आणि गृहस्थाविषयीं बोलतांना त्याचें नांव अथवा पदवी. सर्वनाम हें नामाच्या ऐवजीं येतें असें आम्हीं जन्मभर मुलांस शिकविलें. येथें आदरासाठीं नाम हेंच सर्वनामाच्या ऐवजीं येतें. आणि हा प्रकार आपल्यालाही अपरिचित नाहीं. लीळाचरित्र ज्यांनीं वाचलें असेल त्यांस ठाऊक आहे कीं, श्रीचक्रधरांविषयीं बोलतांना तेथें 'गोसावी' हा शब्द पदोपदीं येतो, आणि त्यांच्या जाण्यास 'बीजें करणें', जेवण्यास 'आरोगणा', निजण्यास 'पहुड' असे निराळे शब्द आहेत. मलायी दरबारी भाषेंतही नेमकें हेंच आहे. राजाचें जेवण 'सान्ताप', निजणें 'बेरादु', स्नान 'बेर्सिराम', आजार 'गेरिंग'. तेराव्या शतकांतील महानुभाव शिष्यानें आपल्या गुरूसाठीं जी वाट काढली, तीच मलायी लेखकानें आपल्या सुलतानासाठीं काढली. दोघांनीं एकमेकांस पाहिलें नव्हतें; पण पूज्य व्यक्तीचा उल्लेख करतांना सामान्य शब्द तोंडीं येऊं नये, ही दोघांची अडचण मात्र एकच होती.

(३)

या व्यवस्थेचें मूळ किती जुनें आहे हें पाहूं. सुमात्रा बेटांत पालेंबांग शहराजवळ श्रीविजयाच्या राज्याचे शिलालेख सांपडले आहेत. केदुकान बुकित येथील लेख शके ६०५, म्हणजे इ. स. ६८३ चा, तलांग तुवो येथील लेख शके ६०६, म्हणजे इ. स. ६८४ चा, आणि बांका बेटावरील कोटा कापुर येथील लेख शके ६०८, म्हणजे इ. स. ६८६ चा. भाषा प्राचीन मलायी, लिपी पल्लव वळणाची, आणि संस्कृत शब्दांची रेलचेल. यांतील तलांग तुवोच्या लेखांत श्रीजयनाश या राजानें 'श्रीक्षेत्र' नांवाचें उद्यान करविल्याचें, त्यांत नारळ, सुपारी इत्यादि झाडें लावविल्याचें आणि त्या पुण्याचा लाभ सर्व प्राण्यांस व्हावा अशा संकल्पाचें वर्णन आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतील एक शब्द लक्षांत घेण्याजोगा आहे. राजाच्या संकल्पास तेथें 'प्रणिधान' हा संस्कृत शब्द योजिला असून त्यास 'न्द' असा प्रत्यय जोडला आहे. 'त्याचें प्रणिधान' असें न म्हणतां 'त्यांचें प्रणिधान' असें म्हणावें, तसा हा प्रकार. आजच्या मलायींत पत्रलेखनाच्या व दरबारच्या भाषेंत नात्यांच्या शब्दांस जो 'न्दा' लागतो (बाप 'आयह', पण तीर्थरूप 'आयहन्दा', मूल 'आनाक', पण चिरंजीव 'आनाकन्दा'), त्याचा संबंध भाषाभ्यासक याच जुन्या प्रत्ययाशीं जोडतात. म्हणजे तृतीयपुरुषांतील सामान्य रूप व आदराचें रूप यांचा भेद मलायी भाषेच्या अगदीं पहिल्या उपलब्ध लेखांतच दिसतो. इस्लाम त्या देशांत रुजण्यापूर्वीं कित्येक शतकें हा भेद तेथें होता. तेव्हां तो फारसी दरबाराच्या अनुकरणानें आला असें म्हणतां येत नाहीं.

संस्कृताचा हात या व्यवस्थेंत मोठा आहे. पण तो कोठें आहे व कोठें नाहीं हें नीट पाहिलें पाहिजे. 'इया', 'दिया', 'न्या' हीं खास मलायी घराण्याचीं आहेत. संस्कृत आलें तें बिरुदांच्या वाटेनें. राजास 'स्री पादुका' म्हणतात. तें आपलें श्रीपादुका. राजास संबोधितांना 'के बावह दुलि' असें म्हणतात. तेथें 'दुलि' म्हणजे धूलि, आणि सगळ्याचा अर्थ 'चरणधूलीच्या खालीं'. बोलणारा राजाशीं बोलतच नाहीं. तो राजाच्या पायांखालील धुळीशीं बोलतो. बोलणारा स्वतःस 'साया' म्हणतो. तें मूळचें 'सहाय', म्हणजे सोबती, सेवक. ज्यानें संस्कृत पढविलें आहे त्यास येथें 'भवान्' शब्दाची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. 'भवान् गच्छति' या वाक्यांत समोरच्या मनुष्यास मान द्यावयाचा म्हणून क्रियापद तृतीयपुरुषांत नेलें जातें. जणु कांहीं तो समोर नाहींच. आणि नाटकांत समोर असलेल्या पूज्यास 'अत्रभवान्' व दूर असलेल्या पूज्यास 'तत्रभवान्' असा भेद करितात. 'बेलियाउ' याचें संस्कृतांत भाषांतर करावयाचें तर 'तत्रभवान्' याहून नेमका शब्द नाहीं.

शेजारच्या जावी भाषेंत हा प्रकार फार पुढें गेला. तेथें समोरच्या माणसाच्या दर्जाप्रमाणें जवळजवळ सगळा शब्दसंग्रहच बदलतो. सामान्य बोलीस 'न्गोको' व आदराच्या बोलीस 'क्रोमो' अशीं निराळीं नांवें आहेत. मलायीनें तो मार्ग धरिला नाहीं. सर्वनामें, नात्याचे शब्द व राजापुरते मोजके शब्द एवढ्यावरच ती थांबली. बंदरांत व बाजारांत नाना देशींच्या लोकांस ती शतकानुशतकें पुरली, यास हा साधेपणाही कारण झाला असावा असें आम्हांस वाटतें.

(४)

राजासाठीं राखून ठेविलेल्या शब्दांविषयीं मलाक्काच्या कायद्यांतच कलम आहे. 'उन्दांग-उन्दांग मलाका' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या संहितेंत पांच शब्द राजाचे म्हणून सांगितले आहेत : 'तितह', 'पातिक', 'मुर्का', 'कुर्निया' आणि 'आनुगेरह'. इतरांनीं ते आपसांत वापरल्यास शिक्षा आहे. पहिल्या शब्दाचा अर्थ राजाचें बोलणें. दुसरा म्हणजे राजापुढें प्रजेनें स्वतःविषयीं म्हणावयाचा 'मी'. उरलेले तीन आपल्या ओळखीचे आहेत. 'कुर्निया' म्हणजे कारुण्य, राजानें दिलेलें दान. 'आनुगेरह' म्हणजे अनुग्रह. आणि 'मुर्का' म्हणजे राजाचा क्रोध, ज्याचें मूळ 'मूर्ख' हा शब्द आहे! क्रोधाविष्ट राजास मूर्ख म्हणण्याचें धैर्य आपल्या नीतिकारांनीं श्लोकांतून दाखविलें. मलायींत तोच शब्द राजाचा मान होऊन बसला.

या पांचांत 'बगिन्दा' नाहीं, ही गोष्ट आमच्या टिपणाच्या वेळीं आमच्या नजरेंतून निसटली होती. ती न असण्याचें कारण उघड आहे. हे पांच शब्द राजाचें बोलणें, देणें, रागावणें व राजापुढें बोलणें यांचे आहेत. दुसऱ्यानें ते वापरले तर राजाची जागा बळकावल्यासारखें होईल. 'बगिन्दा' हा शब्द मात्र राजाविषयीं बोलणाऱ्या प्रत्येकास लागतोच. तो प्रजेच्या तोंडचा आहे, राजाच्या नव्हे. तृतीयपुरुषी आदराचें मर्म येथेंच आहे. समोरच्यास मान देणें हें भयानेंही होतें. जो समोर नाहीं त्यास मान देणें हें बोलणाराच्या संस्काराचें काम.

'सेजारह मेलायु' या नांवानें ओळखिल्या जाणाऱ्या ज्या बखरीचा आरंभीं उल्लेख केला, तिच्या प्रस्तावनेंत हिजरी १०२१, म्हणजे इ. स. १६१२ हा काळ आला आहे, आणि परंपरा तिचें कर्तृत्व जोहोरचे बेन्दहारा तुन स्री लानांग यांस देते. (बेन्दहारा म्हणजे मुख्य प्रधान, शब्द मूळचा 'भांडागार' याच कुळींतला.) त्या बखरींत आद्य राजा सांग सापुर्बा आणि देमांग लेबार दाउन यांच्यांत झालेल्या कराराची कथा आहे. प्रजेनें राजद्रोह करूं नये, हें राजाचें मागणें. प्रजेचें मागणें असें कीं, अपराध कितीही मोठा असो, शिक्षा देहान्ताची असली तरी ती न्यायानें व्हावी. पण हलक्या शब्दांनीं तिची विटंबना करूं नये. वाईट शब्द हा या कथेंत मरणाहून जड मानिला आहे. ज्या लोकांनीं राज्याच्या पायाशींच शब्दांचा करार ठेविला, त्यांच्या भाषेंत एका सर्वनामाचें वजन किती असेल याची कल्पना वाचकांनीं करावी. 'भाषा' या शब्दापासून आलेल्या 'बहासा' शब्दाचा जुन्या मलायींत 'शिष्टाचार' असाही अर्थ होतो. आणि 'बुद्धि' व 'भाषा' मिळून झालेला 'बुदि बहासा' हा समास सौजन्याचा वाचक आहे.

(५)

आतां मूळ आक्षेपाकडे वळूं. परमेश्वरास 'दिया' कां ? 'बेलियाउ' किंवा 'बगिन्दा' कां नाहीं ?

उत्तर असें कीं, 'बेलियाउ' हा माणसामाणसांतील उंचसखलपणाचा शब्द आहे. तो ज्यास लावावा तो मनुष्यांच्या पंक्तींत बसलाच म्हणून समजावें. मग पाट कितीही उंच असो. परमेश्वर त्या पंक्तींतच नाहीं. म्हणून त्यास भाषेंतील सर्वांत मूळचा, विशेषणरहित शब्द लागतो. पैगंबरांस मलेशियांत 'बगिन्दा' व इंडोनेशियांत 'बेलियाउ' म्हणतात, कारण ते मनुष्य आहेत. ईश्वर मात्र दोन्ही देशांत 'दिया'. ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या मलायी भाषांतरांतही 'इया' व 'दिया' हींच ईश्वराचीं सर्वनामें आहेत. इ. स. १५११ मध्यें गोवेकर पोर्तुगिजांनीं मलाक्का घेतल्यावर इ. स. १६४१ पर्यंत तें ठाणें गोव्याच्या सत्तेखालीं होतें. फ्रान्सिस झेवियर यांनीं इ. स. १५४५ मध्यें तेथेंच राहून प्रार्थनांचें मलायी भाषांतर करविलें. म्हणजे ज्या काळीं गोमंतकांत परधर्मी उपदेशकांपुढें देवाविषयीं कोणत्या मराठी-कोंकणी शब्दांनीं बोलावें हा प्रश्न उभा राहत होता, त्याच काळीं त्याच सत्तेखालीं तोच प्रश्न मलायीपुढेंही होता.

मराठींत आपण देवास 'तो' म्हणतों, आईस 'ती' म्हणतों, आणि शाळामास्तरांस 'ते' म्हणतों. यावरून आई मास्तरांहून हलकी ठरत नाहीं. सामान्य सर्वनाम दोन टोकांस लागतें : ज्यास मान देण्याची गरज वाटत नाहीं त्यास, आणि जो मान देण्याच्या पलीकडे आहे त्यास. मधल्या सगळ्या प्रतिष्ठित जगासाठीं आदरार्थी शब्द. आम्हीं दोन टोकें एकच समजलों, हीच आमची चूक.

तथापि दर्जा दाखविण्याचीं इतर साधनें मलायींत आहेत, आणि तीं पाहिल्यास संशय राहत नाहीं. 'म्हणाला' या अर्थीं ईश्वराचें बोलणें 'फिर्मान', पैगंबरांचें 'साब्दा', राजाचें 'तितह', राजापुढें प्रजेचें 'सेम्बह', आणि इतरांचें 'काता'. यांत 'साब्दा' हा आपला 'शब्द'; आणि 'फिर्मान' म्हणजे आपल्या दप्तरांत बादशहाकडून येणारें 'फर्मान'. तेंच मरणाविषयीं : राजा 'मांगकात' होतो, पैगंबर 'वफात' पावतात, साधा मनुष्य 'माति'. तेव्हां सर्वनाम 'दिया' असलें तरी क्रियापद 'फिर्मान' असेल, तर बोलणारा कोण हें वाचकास कळतें. दर्जा सर्वनामांत शोधणें व क्रियापद न पाहणें, हें शिक्का पाहून कागदाचा मजकूर न वाचण्यासारखें आहे.

(६)

येथवर भाषेचा विचार झाला, आतां पोथीचा. मलायी हस्तलिखितें अरबी अक्षरांच्या 'जावी' लिपींत आहेत. त्या लिपींत 'इया' हें अलिफ व ये, आणि 'दिया' हें दाल व ये, अशा दोन-दोन अक्षरांनीं लिहितात. स्वरचिन्हें बहुधा नसतात. आजच्या रोमन मुद्रणांत, विशेषतः इंडोनेशियांत, ईश्वरवाचक 'दिया' व 'न्या' यांचें आद्याक्षर मोठें छापतात. तें वाचून अर्वाचीन वाचकास वाटतें कीं, जुन्या लेखकानेंच हा भेद केला आहे. परंतु जावी लिपींत लहानमोठीं अक्षरें नाहींतच. तो भेद छापखान्याचा आहे, पोथीचा नव्हे.

दुसरें असें कीं, त्या उष्ण व दमट हवेंत कागद टिकत नाहीं. उपलब्ध मलायी पोथ्यांपैकीं बहुतेक अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील नकला आहेत. 'सेजारह मेलायु'ची अभ्यासकांत प्रसिद्ध असलेली रॅफल्स यांच्या संग्रहांतील १८ क्रमांकाची प्रत लंडन येथील रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. विन्स्टेड यांनीं तिचा पाठ इ. स. १९३८ मध्यें प्रसिद्ध केला. सतराव्या शतकाच्या आरंभींचा ग्रंथ आपण असा एकोणिसाव्या शतकांतील हातानें वाचतों. नकलकार राजाचें नांव बदलणार नाहीं, लढाईचें वर्ष बहुधा बदलणार नाहीं. पण सर्वनाम तो नकळत बदलील, कारण त्याच्या काळीं जें शिष्ट तेंच त्याच्या लेखणींतून उतरणार. नकलकाराच्या हातीं सर्वांत आधीं झिजणारा शब्द म्हणजे सर्वनाम. याच कारणास्तव मूळ पत्रांचें मोल अधिक. तेर्नाते येथील सुलतानानें पोर्तुगालच्या राजास इ. स. १५२१ व १५२२ मध्यें पाठविलेलीं मलायी पत्रें लिस्बन येथील दप्तरखान्यांत आहेत. उपलब्ध मलायी पत्रांत तीं सर्वांत जुनीं. मलायींत पत्रांच्या मायन्यांचे व पदव्यांचे संग्रह 'कितब तेरासुल' या नांवानें होते. आपल्याकडे हेमाद्रीच्या नांवावर चालणारें 'मेस्तक' व लेखनप्रशस्ति यांचें काम तेंच. पत्र असलें म्हणजे कोणास काय म्हणावें हें लिहिणारानें त्या वेळीं ठरविलेलें असतें. बखरींत तें नकलकारानें पुन्हां ठरविलेलें असूं शकतें.

राजा मेल्यावरही हा प्रश्न सुटत नाहीं. मृत राजांस 'मर्हूम' म्हणून मरणाच्या प्रसंगावरून अथवा स्थळावरून नवें नांव देतात. जोहोरचे सुलतान महमूद इ. स. १६९९ मध्यें पालखींतून जात असतां मारले गेले. त्यांचें मरणोत्तर नांव 'मर्हूम मांगकात दिजुलांग', म्हणजे 'खांद्यावरून नेत असतां निवर्तलेले'. त्यांच्या मागून बेन्दहारा अब्दुल जलील हे सुलतान झाले. अशा वेळीं बखरकार कोणत्या वाक्यापासून नव्या मनुष्यास 'बगिन्दा' म्हणूं लागतो, यावरून त्यानें त्याचें राज्य कोणत्या क्षणीं मान्य केलें हें समजण्यासारखें आहे. मात्र पाठ मूळचा असला पाहिजे.

(७)

ही व्यवस्था आज मोडली आहे असें नाहीं. मलेशिया इ. स. १९५७ मध्यें मलाया म्हणून स्वतंत्र झाला, तेव्हांही सुलतानांचीं राज्यें राहिलीं व त्यांजबरोबर 'बगिन्दा'ही राहिला. ब्रुनेई येथील सुलतानांच्या अधिकृत बिरुदावलींत तर 'के बावह दुलि', 'पादुका', 'स्री' व 'बगिन्दा' हे सर्व शब्द एकत्र येतात. सातव्या शतकापासूनच्या परंपरेचा तो एक लहानसा संग्रहच आहे. इंडोनेशिया इ. स. १९४५ मध्यें प्रजासत्ताक झाल्यामुळें तेथें राजाचें सर्वनाम इतिहासाकडे गेलें, आणि 'बेलियाउ' हा शिक्षक, अधिकारी व वडीलधारे यांचा शब्द झाला. वर्तमानपत्रांत मंत्र्यास 'बेलियाउ' व आरोपीस 'दिया' म्हणतात. घरांत मुलगी धाकट्या भावास 'दिया' म्हणते आणि आजोबांस 'दातुक' म्हणून सर्वनामच टाळते. निवड करणारा प्रत्येक वेळीं तीन गोष्टी मनांत तोलतो : ज्याविषयीं बोलावयाचें तो कोण, ज्याच्याशीं बोलावयाचें त्याचें त्याच्याशीं नातें काय, आणि प्रसंग लेखी आहे कीं घरगुती. व्याकरण यांतील पहिली गोष्टच शिकवितें. उरलेल्या दोन लोकांत राहून शिकाव्या लागतात.

(८)

शेवटीं ज्या गोष्टीसाठीं हा लेख आम्हीं मुख्यतः लिहिला ती सांगतों. ती मलायी नाहीं, मराठी आहे.

आम्ही नुकतेच शिक्षक झालों होतों तेव्हां परिचयाच्या एका जुन्या घराण्यांत मोडी पत्रांचें एक दप्तर आम्हांस पहावयास मिळालें. पंचवीस-तीस कागद होते. मालकांच्या विनंतीवरून आम्हीं त्यांची बाळबोध नकल केली. घराण्यांतील एका पूर्वजाचा उल्लेख आरंभींच्या पत्रांत 'तो आला', 'त्यास सांगितलें' असा होता, आणि पुढील पत्रांत 'ते आले', 'त्यांस विनंति केली' असा होता. घरांतील वडील मंडळींस पूर्वजाविषयीं 'तो' हें रुचेना. आम्हांसही वाटलें, लिहिणाराची हयगय असावी. मान देण्यांत कसली हरकत? आम्हीं नकलेंत सर्वत्र 'ते' केलें, आणि त्या वेळीं आपण फार सौजन्याचें कृत्य केलें असें समजलों.

पुढें एका पावसाळ्यांत माळ्यावरील तें दप्तर भिजलें व राहिलेलें वाळवीनें खाल्लें. आमची नकल तेवढी उरली. त्यानंतर कित्येक वर्षांनीं त्या घराण्याच्या दोन शाखांत वडीलकी मूळ कोणाकडे होती व ती केव्हां बदलली, असा प्रश्न उपस्थित झाला, आणि दोन्ही शाखांचीं मंडळी आमची नकल घेऊन आमच्याकडेच आलीं. कोणत्या पत्रापासून 'तो' याचा 'ते' झाला, एवढें जरी कळलें असतें, तरी त्या प्रश्नाचा बराचसा उलगडा झाला असता. तें पत्र कोणतें, हें आमच्या स्मरणांत राहिलेलें नाहीं. आमच्या हातची नकल, शुद्ध व सुवाच्य, नेमक्या त्याच ठिकाणीं निरुपयोगी आहे. आम्हीं मलायी नकलकारांविषयीं वर जें लिहिलें तें पुस्तकें पाहून लिहिलें असलें, तरी त्याची खात्री आम्हांस स्वतःच्या हातावरूनच पटलेली आहे.

तेव्हां संग्राहक मित्रांस आमची विनंति इतकीच कीं, कागदांत 'तो' असेल तेथें 'तो'च लिहावें, 'ते' असेल तेथें 'ते'च लिहावें. आणि एकाच मनुष्यास दोन्ही लाविलीं असतील तर त्यांतील एक चूक आहे असें मानण्यापूर्वीं दोन्ही पत्रांच्या तारखा पहाव्या. पूर्वजांचा मान आपल्या दुरुस्तीनें वाढत नाहीं. त्यांस त्यांच्या काळीं कोणी काय म्हटलें, एवढें जपून ठेवणें हाच त्यांस आपल्याकडून व्हावयाचा खरा मान होय. बारा वर्षांपूर्वींच्या सभेंत ज्या वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस निरुत्तर केलें, ते आज हयात नाहींत. हा लेख त्यांच्या त्या एका प्रश्नाचें, उशिरां कां होईना, दिलेलें उत्तर समजावें. इत्यलम्.